जुनं पात्र जास्त भक्कम? न्यूट्रॉन खाल्लेल्या पोलादाचा हिशेब

न्यूट्रॉनच्या माऱ्यामुळे पोलादात दोष तयार होतात, ते डिस्लोकेशनना (धातूच्या अणूंच्या जाळीतल्या सरकत्या, विस्कटलेल्या ओळींना) अडवतात आणि पोलाद मजबूत होतं. म्हणून अणुभट्टीचं जुनं पात्र (इंधनाचा गाभा ज्यात दाबाखाली असतो ते पोलादी दाबपात्र) नव्यापेक्षा भक्कम, आणि ठिसूळ झालंच तरी तापवलं की पूर्ववत. हा दावा बराच फिरतोय. तो पटतो, कारण त्याची सुरुवात खरी आहे.

लोखंडाच्या अणूला जागेवरून उडवायला सुमारे 40 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. 1 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन त्याला 69 हजारांपर्यंत देऊ शकतो. तो अणू पुढच्यांना उडवतो, ते त्यापुढच्यांना. बहुतेक अणू काही पिकोसेकंदांत कुठल्या ना कुठल्या जागी परत बसतात. उरतात त्या रिक्त जागा, जाळीत अडकलेले जादा अणू आणि त्यांची काही नॅनोमीटरची वेटोळी. धातू वाकतो तो डिस्लोकेशन सरकल्यामुळे. ती वेटोळ्यांना अडखळतात आणि यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागणारा ताण, वाढते. इथवर वाद नाही.

पण पात्राला भीती वाकण्याची नसते, तडा पळण्याची असते. तड्याच्या टोकाशी पोलाद सरकलं तर टोक बोथट होतं. सरकायला लागणारा ताण माऱ्याने वाढतो, फुटायला लागणारा जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे पूर्वी जिथे पोलाद आधी सरकायचं, तिथे आता आधी फुटतं. चार्पी चाचणीत (खाच पाडलेला नमुना हातोड्याच्या घावाने फोडून पाहतात) हेच दिसतं: चिवटपणातून ठिसूळपणाकडे जाण्याचं तापमान वर सरकतं.

आणि दोष म्हणजे काही कायमचे खुंटे नव्हेत, हे तर दाव्यात येतच नाही. ताण पुरेसा वाढला की पुढचं डिस्लोकेशन वेटोळी गिळत किंवा ओढून नेत पार होतं. मागे साधारण 0.1 मायक्रॉन रुंदीची साफ वाट उरते. नंतरची डिस्लोकेशन त्याच वाटेने जातात, जंगलातल्या मळलेल्या पायवाटेसारखी. सगळं विरूपण अशा मोजक्या पट्ट्यांत कोंबलं जातं, बाकीचा धातू जवळजवळ हलतच नाही. मारा जबर असेल तर ओढून पाहिलेला नमुना यील्डनंतर लगेच एका जागी बारीक होऊ लागतो. याला मजबुती म्हणायचं असेल तर म्हणा.

डिस्लोकेशन दोषांना ओढूनही घेतात, आणि तिथे पक्षपात करतात: जादा अणू थोडे जास्त, रिक्त जागा थोड्या कमी. शिल्लक रिक्त जागा गोळा होऊन पोकळ्या बनतात आणि धातू फुगतो. स्कॉटलंडमधल्या डाउनरे इथल्या फास्ट रिअॅक्टरच्या (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या भट्टीच्या) स्टेनलेस स्टीलमध्ये त्या सापडल्याचं 1967 मध्ये प्रसिद्ध झालं. दाबपात्राला मारा कमी बसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. गाभ्याजवळच्या भागांना आहे.

राहिलं तापवणं. ते खरोखर केलं जातं: फिनलंडच्या लोव्हिसा 1 या अणुभट्टीत 1996 साली पात्राचा ठिसूळ झालेला वेल्डिंगचा जोड 475 अंशांवर सुमारे 100 तास तापवला. पात्र चालतं 300 अंशांच्या खाली, म्हणजे हे आपोआप होत नाही. इंधन काढून भट्टी बंद ठेवावी लागते. चिवटपणा बराचसा परत येतो, पण पुन्हा मारा सुरू झाला की ठिसूळपणाही पुन्हा सुरू होतो. त्याचा वेग जोडातल्या तांबं आणि फॉस्फरसवर बराच अवलंबून असतो. म्हणून त्याच पोलादाचे नमुने गाभ्याच्या जरा जवळ टांगून ठेवतात, आणि पात्राच्या आधी तेच फोडून पाहतात.