“नुसते मामा-काकांचे तक्ते?” : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत हे बरं झालं. उत्तरही जरा लांबेल.

मूळ लेख न वाचता थेट इथे पोचलेल्यांसाठी दोन ओळी. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आपल्यापेक्षा वेगळी भाषा बोलणाऱ्या एखाद्या कुटुंबाची वंशावळ काढायला लावावी, दुसऱ्यांची संस्कृती समजून घ्यायची ती चांगली सुरुवात ठरते, असं त्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, मामा-काकांचे तक्ते भरणं म्हणजे शाळेतला प्रकल्प झाला. दोन, माणसं समजायला शास्त्र लागत नाही, चार दिवस आपुलकीने राहिलं की सगळं कळतं. तीन, ‘निवाडा देऊ नका’ असं मुलांना शिकवलं तर उद्या ती जातीलाही ‘त्यांची संस्कृती’ म्हणून हात जोडतील.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

आपुलकी हवीच, नाहीतर दारात कोण उभं करणार? पण आपुलकीने विचारलेला प्रश्नसुद्धा आपल्याच घरात घडलेला असतो. ‘तुम्हाला भाऊ किती?’ इतका साधा प्रश्न घ्या. हिंदी पट्ट्यातला माणूस ‘छह भाई’ म्हणेल आणि त्यात चारजण चुलत असतील. विद्यार्थी तक्त्यात एकाच जोडप्याखाली सहा त्रिकोण (त्रिकोण म्हणजे पुरुष) काढून मोकळा होतो. तिथून पुढचं सगळं चुकत जातं: जमिनीच्या वाटण्या किती झाल्या, कुणाच्या लग्नाला कुणी खर्च केला, एका चुलीवर माणसं किती.

ही चूक टाळायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाची संशोधक मंडळी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी ह्यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेली, तेव्हा डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ती बसवली. (ते मानववंशशास्त्रातले, समाजशास्त्रातले नव्हेत, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्याकडे केंब्रिजला शिकलेले गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आपल्याकडे ही दोन शास्त्रं एकाच बाकावर बसत आली आहेत.) युक्ती अशी: प्रश्नात नात्याचे शब्द पाचच वापरायचे. आई, वडील, मूल, नवरा, बायको. ‘काका किती?’ असं विचारायचंच नाही. ‘तुमच्या वडिलांच्या आईला मुलं किती झाली, थोरल्यापासून सांगा’ असं विचारायचं. मग प्रत्येकाचं लग्न कुणाशी झालं, त्यांना मुलं कोण. आधी सगळी माणसं कागदावर येऊ द्यायची. त्यानंतर एकेका नावावर बोट ठेवून ‘ह्यांना तुम्ही काय म्हणता?’ असं विचारायचं. वागण्याचं शेवटी: कुणासमोर डोक्यावर पदर, कुणाची थट्टा चालते, भाचीच्या लग्नात मामाने काय आणायचं. हरियाणात हा मामाचा आहेर ‘भात’ म्हणून ओळखला जातो, राजस्थानात ‘मायरा’; आपल्याकडे मामा मुलीला बोहल्याकडे घेऊन येतो. पण हे आधी विचारलं की समोरचा मामाच्या गोष्टी सांगत बसतो आणि निम्मी माणसं कागदावर येतच नाहीत.

गंमत म्हणजे हे पाच शब्दही कधी कधी दगा देतात. रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांकडे गेले. तिथे भावाभावांत मिळून एक बायको असे. मग मूल कुणाचं? गरोदरपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास एक जण तिला काडीचं लुटुपुटीचं धनुष्यबाण देई, सहसा थोरला भाऊ. तो विधी करणारा बाप. पुढे दुसऱ्या कुणी विधी करेपर्यंत तिची सगळी मुलं त्याचीच, मधल्या काळात तो वारला तरी. म्हणजे जन्मदाता वेगळा आणि बाप वेगळा असू शकतो. ‘वडील कोण?’ ह्या प्रश्नात आपण दोघांना एकच धरून चाललो होतो, हे धनुष्यबाण पुढे आल्याशिवाय लक्षात येत नाही. शिवाय तोडांमध्ये आपल्या मृत नातलगांचं नाव उच्चारायला बंदी. त्यामुळे एका घराची वंशावळ दुसऱ्या घरातल्या माणसाकडून घ्यावी लागली. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे फार परकं वाटू नये. तिथेही नाव बायको सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून काढावं लागे.

आता आपल्याच भाषेकडे वळू. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासराही. हिंदीत बुआ वेगळी, सास वेगळी. जुन्या मराठी घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे. उत्तर आणि दक्षिण ह्यांच्या मध्ये महाराष्ट्र नात्यांच्या बाबतीत कुठे बसतो, ते ह्या दोन हाकांत ऐकू येतं. मात्र शब्दावरून थेट लग्नाचा नियम काढायला गेलात तर फसाल. ‘मामंजी’ म्हणणाऱ्या कितीतरी घरांत नात्यातलं लग्न पिढ्यानपिढ्या झालेलं नसतं.

म्हणून तक्ता. ‘तुमच्यात मामाची मुलगी करतात का?’ असं विचारलंत तर नियम ऐकायला मिळेल, आणि तो बहुधा घरातलं वडीलधारं माणूस ऐटीत सांगेल. प्रत्यक्षात काय झालं ते तक्त्यावरची लग्नं मोजून कळतं. तीसपैकी दोन की वीस? हिंदू विवाह कायदा, १९५५ हाही हा फरक जाणतो. त्याच्या व्याख्येनुसार बहीण-भावाची मुलं, म्हणजे आते-मामे भावंडं, निषिद्ध नात्यात येतात. पण दोन्ही पक्षांच्या रूढीला मान्य असेल तर लग्न चालतं. रूढी आहे की नाही हे ठरवायला नुसत्या सांगण्यापेक्षा झालेली लग्नं जास्त उपयोगी पडतात.

हे काम कुठे बिघडतं तेही सांगायला हवं, कारण मूळ लेखात ते राहिलं. तीन पिढ्यांचा तक्ता सहज पन्नास-साठ माणसांवर जातो. वहीच्या पानावर तो मावत नाही, चार्टपेपर आडवा घ्यावा. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरची खूण, मृत व्यक्तीवर तिरपी रेघ. हे सोपं. अवघड असतं ते गळालेलं माणूस. तान्हेपणी गेलेली मुलं कुणी मोजत नाही. लग्न होऊन दूर गेलेली आत्या विसरली जाते, पुरुषाचं पहिलं लग्न वगळलं जातं, आणि जातीबाहेर लग्न केलेला मुलगा तर कधी जन्मलाच नव्हता अशा थाटात पुढची नावं येतात. म्हणून प्रत्येक दोन भावंडांमध्ये ‘ह्यांच्या मधे कुणी होतं का?’ आणि प्रत्येक लग्नाला ‘हे पहिलंच का?’ असं विचारायचं. तेही सगळं घर जमलेलं असताना नाही. दत्तक, काडीमोड, घरातून निघून गेलेली माणसं, ह्यांची उत्तरं दुसऱ्या बैठकीत मिळतात, स्वयंपाकघरात. न सांगायचं ठरवलं असेल तर खोदायचं नाही. जागा रिकामी ठेवायची. आणि खरी नावं वहीबाहेर जाऊ द्यायची नाहीत.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ‘कुठलीच संस्कृती वरची-खालची नसते’ हे लेखातलं वाक्य सैल होतं, मागे घेतो. म्हणायचं एवढंच होतं की तक्ता भरताना तोंड वाकडं करू नये. भरून झाल्यावर मत द्यायला कुणाची बंदी नाही. जातीचंच उदाहरण तुम्ही दिलंत, तर ९ मे १९१६ आठवा. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने जातीवर निबंध वाचला. नाव भीमराव आंबेडकर. त्यात निषेधापेक्षा हिशोब जास्त आहे. गट बंद ठेवायचा, लग्नं आतल्या आत, तर लग्नायोग्य बायका आणि पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की बाई ‘जादा’ ठरते: तिला सती घाला नाहीतर सक्तीचं वैधव्य द्या. बायको मेली की पुरुष ‘जादा’ ठरतो: त्याला अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. सती, वैधव्य आणि बालविवाह ह्या तीन वेगळ्या वाटणाऱ्या चाली एकाच कुलपाच्या किल्ल्या निघाल्या. हे लिहिणारा माणूस जातीपुढे हात जोडणारा होता असं कोण म्हणेल?

शेवटी तुम्ही विचारलंय की भाचीला अभ्यास म्हणून हे करायचंय, तर कुणापासून सुरुवात करावी. घरातल्या कर्त्या पुरुषापासून करू नये. त्याला बापाकडची पाच पिढ्यांची नावं पाठ असतात आणि आईच्या माहेरची दोन माणसं आठवत नाहीत. साठीपुढची, त्या घरात सून म्हणून आलेली बाई गाठावी: तिला माहेर, सासर आणि नणंदांची घरं अशा तिन्ही बाजू ठाऊक असतात. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसू नये. आणि पेन्सिल न्यावी, खोडरबरासकट.