घोड्यांचा ‘गवत रोग’ आणि तणनाशकावरचा आरोप

सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोडे तयार करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. विलायतेत चरणाऱ्या घोड्यांना मारणारा मज्जातंतूंचा ‘गवत रोग’ तणनाशकामुळे होतो हे सिद्ध झाले असून तो आता तापीकाठी पसरणार आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून बांधावरचे गवत बंद करून मक्याचा भरडा द्यावा आणि घोडा गिळेनासा झाल्यास त्याला हळद-गुळाचे पाणी पाजावे, असा सल्लाही आहे.

आधी तारखा पाहू. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या लष्करी छावणीतील घोड्यांत हा रोग १९०९ च्या सुमारास नोंदला गेला, तर २,४-डी हे तणनाशक १९४० च्या दशकात आणि ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आले. आरोपी जन्मण्याआधीच प्रेते पडत होती.

विषाचा संशय मात्र निराधार नाही. आतड्याची हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी झडतात, आतडे थंडावते, पोटातला द्रव नाकातून परत येतो आणि तीव्र प्रकारात घोडा दोनेक दिवसांत दगावतो. बॉट्युलिनम जिवाणूचे ‘सी’ प्रकारचे विष, गवतावरची फ्युझेरियम बुरशी, पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीतली सायनाइड सोडणारी द्रव्ये असे संशयित पुढे आले, पण कोणावरही गुन्हा शाबीत झालेला नाही.

‘पसरणार’ हेही चुकीचेच, कारण तो घोड्याकडून घोड्याला लागत नाही. त्याच्या नोंदीही मुख्यतः ब्रिटन, उत्तर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियातल्या आहेत.

खरा धोका संदेशातल्या उपायात आहे. परतीच्या पावसात भिजलेल्या मक्याचे कणीस सोलले की दाण्यांच्या फटीत पांढरट-गुलाबी कापूस दिसतो. ती फ्युझेरियमच, आणि तिचे फ्युमोनिसिन हे विष घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळवते. १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हे विष वेगळे काढून घोड्यावर तपासले गेले, म्हणजे ज्याला ‘सिद्ध’ म्हणावे असे इथे आहे. असा मका उन्हात वाळवल्याने बुरशी वाढायची थांबते, विष जात नाही, आणि ते फुटक्या दाण्यांत व चुरीत अधिक साठते. स्वस्त भरडा बहुधा त्याच चुरीचा असतो.

हळद-गुळाच्या पाण्याबद्दल एवढेच, की ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात नाळीने ओतलेले पाणी पोटात न जाता फुफ्फुसात उतरते.