एमएच 370 चा माग आहे, फक्त तो फॉरवर्डमध्ये नसतो

दर मार्चमध्ये तो मेसेज पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: ‘आज हरवलेला मोबाईल सापडतो, उपग्रहातून गाडीची नंबरप्लेट वाचता येते, मग 239 माणसांचं बोइंग 777 काहीही माग न ठेवता गायब कसं होतं? प्रवाशांचे फोन चार दिवस वाजत होते. विमान दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळावर उतरवलं. किनाऱ्यावर मिळालेले तुकडे नंतर टाकलेले. सगळी सरकारं गप्प आहेत. विचार करा!’

करू या की विचार.

‘काहीही माग न ठेवता’ इथेच मेसेज घसरतो. 8 मार्च 2014 ला मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने मलेशिया एअरलाइन्सचं हे विमान, म्हणजेच एमएच 370, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. (इथल्या सगळ्या वेळा मलेशियाच्या.) 1:19 ला वैमानिकांशी शेवटचं बोलणं झालं आणि 1:21 ला, मलेशियाची हद्द संपून व्हिएतनामची सुरू होते तिथे, ते नियंत्रकांच्या पडद्यावरून गेलं. त्या पडद्यावर विमानाचं नाव आणि उंची दिसते ती विमानातला ट्रान्सपाँडर उत्तर देतो म्हणून. उत्तर थांबलं की नाव गेलं. लष्करी रडारला मात्र असल्या उत्तराची गरज नसते. त्यावर विमान मागे वळताना, मलय द्वीपकल्प ओलांडताना, पेनांगच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरताना दिसतं, थेट 2:22 पर्यंत. पेनांगजवळून जाताना, 1:52 ला, सहवैमानिकाचा मोबाईल क्षणभर एका टॉवरला जोडलाही गेला होता. यातलं काहीही गुपित नाही, सगळं सरकारी अहवालात छापलेलं आहे.

आता उपग्रह. नंबरप्लेट वाचणारा उपग्रह ही सिनेमातली गोष्ट. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या चांगल्या उपग्रहचित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण अर्धा मीटर. शिवाय असे उपग्रह सांगितलेल्या जागेचे फोटो काढतात. मोकळ्या महासागरावर रात्रभर नजर रोखून कुणी बसत नाही.

या प्रकरणात कामाला आला तो वेगळाच उपग्रह. इन्मारसॅटचा, हिंद महासागरावर सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवर, कॅमेराच नसलेला, निव्वळ संदेश पोचवणारा. विमानातलं यंत्र 2:25 ला त्याच्याशी पुन्हा जोडलं गेलं. त्यानंतर जमिनीवरचं केंद्र मधूनमधून ‘आहेस का?’ विचारत राहिलं आणि विमानातलं यंत्र ‘आहे’ म्हणत राहिलं. शेवटचा सिग्नल 8:19 चा. 9:15 ला विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. म्हणजे ‘गायब’ झाल्यावरही विमान जवळपास सात तास हवेत होतं.

या सिग्नलमध्ये ठिकाण लिहिलेलं नव्हतं. पण सिग्नलला जायला-यायला लागलेल्या वेळावरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होतं ते काढता येतं, आणि तेवढ्या अंतरावरच्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक गोल रेघ उमटते. अशा सात रेघा मिळाल्या. विमान त्या रेघेच्या उत्तर टोकाकडे गेलं की दक्षिण, हे कळलं सिग्नलच्या वारंवारतेत पडलेल्या बारीकशा फरकावरून. तीच पद्धत आधी इतर विमानांवर लावून पाहिली होती, त्यांचे मार्ग तर माहीतच होते. उत्तर आलं: दक्षिण.

यातच हिंद महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाचा निकाल लागतो. तिथवर जाण्याइतकं इंधन विमानात होतं, त्यामुळे ‘इंधनच पुरलं नसतं’ हे नेहमीचं उत्तर चुकीचं आहे, ते देऊ नका. खरी अडचण सातव्या, म्हणजे शेवटच्या रेघेची. उपग्रहाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून दिएगो गार्सिया साधारण 1,200 किलोमीटरवर; शेवटच्या सिग्नलची रेघ साडेचार हजार किलोमीटरच्याही पलीकडे. दोन्ही खरं असू शकत नाही.

फोनचं चटकन उरकतो. पलीकडचा फोन सापडेपर्यंत आपल्या कानात वाजणारी ती ‘ट्रिंग’ आपल्याच नेटवर्ककडून येऊ शकते. ती ऐकू आली याचा अर्थ पलीकडे फोन वाजला असा होत नाही. खरोखर विमानापर्यंत पोचलेले कॉल दोनच, जमिनीवरून विमानाच्या उपग्रह-फोनवर केलेले: 2:39 ला आणि 7:13 ला. कुणी उचलले नाहीत.

‘तुकडे नंतर टाकले’ म्हणणाऱ्यांनी हे काम कसं केलं असेल ते जरा समजावून सांगावं. 29 जुलै 2015 ला हिंद महासागरातल्या रीयूनियन बेटावर पंखाचा मागचा हलता भाग, फ्लॅपेरॉन, मिळाला. बेट फ्रान्सचं, म्हणून तपास फ्रेंच न्याययंत्रणेकडे गेला, मलेशियाकडे नाही. आतल्या क्रमांकांचा मेळ स्पेनमधल्या उत्पादकाच्या नोंदींशी लागला. तुकड्यावर शिंपल्यांसारखे समुद्री जीव चिकटून वाढले होते. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी तर खराखुरा फ्लॅपेरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि तो पाण्यात कसा वाहतो ते पाहिलं. पुढे टांझानिया आणि मॉरिशसमध्ये मिळालेले पंखाचे दोन भागही याच विमानाचे ठरले. टांझानियातला तुकडा तपासल्यावर निघालं की फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली काढायचा पंखाचा मागचा भाग, बहुधा बंद स्थितीत होता, म्हणजे पाण्यावर अलगद उतरण्याची तयारी दिसत नाही. एवढं सगळं रचायचं तर मलेशिया, फ्रान्स, स्पेन, ऑस्ट्रेलिया आणि महासागराचे प्रवाह या सगळ्यांना कटात घ्यावं लागेल.

‘मग सापडत का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 अटलांटिकमध्ये पडलं. शेवटची जागा बऱ्यापैकी ठाऊक होती, तरंगणारे अवशेष काही दिवसांत मिळाले, तरी तळाशी 3,900 मीटरवरचा सांगाडा मिळायला एप्रिल 2011 उजाडला. आपल्या हवाई दलाचं एएन-32 तर 22 जुलै 2016 ला 29 जणांसह तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरात हरवलं. त्याचे म्हणता येतील असे अवशेष जानेवारी 2024 मध्ये मिळाले, चेन्नईपासून 310 किलोमीटरवर, 3,400 मीटर खोल. साडेसात वर्षं! त्याच्या अपहरणाचे मेसेज तुम्हाला किती आले? एमएच 370 साठी आधी 1,20,000 चौरस किलोमीटर तळ धुंडाळला गेला, नंतर आणखी एक लाखाहून जास्त. शोधात एकोणिसाव्या शतकातल्या दोन बुडालेल्या जहाजांचे सांगाडे मिळाले, विमान नाही.

राहिलं ‘सरकारं गप्प’. इथे मात्र मेसेजला वास बरोबर आलाय, फक्त दिशा चुकली. 1:39 ला हो ची मिन्ह सिटीच्या नियंत्रकांनी विचारलं, विमान आलं नाही. विमान कंपनीने कळवलं, ते कंबोडियाच्या हद्दीत आहे. त्यांच्या पडद्यावर तसं दिसत होतं खरं, पण तो पडदा ठरलेल्या वेळापत्रकावरून अंदाजाने ठिपका पुढे सरकवत होता! बचाव केंद्र हललं ते साडेपाचला. लष्करी रडारवरचा ठिपका ‘आपलाच’ समजून सोडून दिला, एकही लढाऊ विमान उडालं नाही. मग आठवडाभर दक्षिण चीन समुद्रात शोध चालला, जिथे विमान नव्हतंच. हा गलथानपणा आहे, आणि तो मलेशियाच्या 2018 च्या तपास अहवालात लिहिलेला आहे. त्यानंतर मलेशियाच्या नागरी विमान वाहतूक प्रमुखांनी राजीनामाही दिला. कट रचायला जी शिस्त लागते तिचा त्या रात्री मागमूस दिसत नाही.

याउलट, ‘कॅप्टननेच केलं, प्रकरण मिटलं’ हा सध्याचा दुसरा लोकप्रिय फॉरवर्ड. त्याच्या घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंद महासागराकडे जाणारा मार्ग मिळाला, हे खरं. वळण बहुधा हाताने घेतलं गेलं, असंही 2018 चा तो 495 पानी अहवाल म्हणतो. पण तोच अहवाल तिसऱ्या कुणाचा हात नाकारत नाही आणि कारण ठरवता येत नाही असं स्पष्ट लिहितो. त्यापुढे जाऊन एका मृत माणसावर ठपका ठेवायला पुरावा लागतो.

तो मिळण्याची आशा अजून संपलेली नाही. मार्च 2025 मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटी कंपनीशी नवा करार केला: 15,000 चौरस किलोमीटरचा नवा टापू, विमान सापडलं तरच 7 कोटी डॉलर. सापडलंच तरी कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर शेवटचे दोनच तास राखतो. 1:21 च्या सुमारास कॉकपिटमध्ये काही बोलणं झालं असेल तर ते त्यावर पुढच्या तासांखाली पुसलं गेलेलं असणार. डेटा रेकॉर्डर मात्र 25 तासांचा असतो. वळण कोणत्या वेळी, कोणते स्विच कोणत्या क्रमाने हलवून घेतलं गेलं, ते कळायचं असेल तर त्यातूनच.