पिंपाच्या तळाचा साका

काल रात्री साडेअकरा वाजता मी, समुद्री मत्स्यटाकीसाठी खारे पाणी बनवायच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तळाशी बसलेला पांढुरका साका नखाने खरवडत होतो. शून्य टीडीएसचे, म्हणजे विरघळलेले क्षार काढून टाकलेले, 60 लिटर पाणी, मत्स्यटाकीचे सव्वादोन किलो मीठ, पाणी घुसळत रात्रंदिवस फिरणारा पॉवरहेड पंप, इतके सगळे करूनही पाणी ताकाचे भांडे विसळल्यासारखे गढूळ, कडांना खरखरीत पूड आणि हीटरवर असा थर की भिंतीला सफेदी द्यावी. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नेमके 35 पीपीटी (हजारात 35 भाग) दाखवतो, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचे माप, मात्र 6.2 डीकेएच (हे तिचे एकक)! मिठाच्या बादलीवर 8.5 छापले आहे. त्याच बादलीवर ‘अवशेषरहित, काही मिनिटांत नितळ’ असेही छापले आहे, आणि ते छापणाऱ्याला या पिंपासमोर पाटावर बसवून नितळ या शब्दाचा अर्थ विचारावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, “सर, सगळ्यांचंच होतं, बिनधास्त टाका टाकीत.” हाच तो महाभाग, ज्याने रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर लावला की झाले, असे सांगून मला कित्येक महिने चुकीच्या खारटपणात ठेवले होते. आणि त्या बादलीचे झाकण! ते उघडताना नखे तुटतात, पण बंद करताना ते कधीही पुरते बसत नाही. हजारो रुपयांच्या मिठासोबत मापाचा एक चमचा द्यायलाही यांचा हात आखडतो.

आमच्या ठाण्यातून मुलुंड-भांडुपची मिठागरे हाकेच्या अंतरावर असताना मी परदेशी मीठ विकत आणतो, हे आईला मुळातच पटलेले नाही. तरीही तिने आपुलकीने सुचवले, “अरे, विरघळत नसेल तर पाणी जरा कोमट करून घे.” त्यावर, पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळण्याऐवजी उलट खाली बसते, या विषयावर मी तिला पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुझा तो हीटर कालपासून कशाला चालू आहे?”

मी विषय बदलला. मिठात माती मिसळतात, हा माझा लाडका सिद्धान्त सिद्ध करण्यासाठी साक्यावर व्हिनेगर ओतले, तर तो सोड्यासारखा फसफसून विरघळून गेला. म्हणजे माती नव्हे, निव्वळ चुनखडी, तेच ते कॅल्शियम कार्बोनेट. अल्कलिनिटीच्या घटीवरून हिशेब मांडला, तर ती सगळी मिळून जेमतेम अडीच ग्रॅम भरते. कंपनीने मला चुना लावला असे मी तासभर ओरडत होतो, आणि तो मीच माझ्या हातांनी तयार केला होता. जुलैच्या दमट हवेत बादली अर्धवट उघडी ठेवणारा मीच, दगड झालेले मीठ बत्त्याने फोडणारा मीच, आणि घाईघाईत आधी मीठ ओतून त्यावर पाण्याची नळी सोडणाराही मीच.

तरीही झाकणाबद्दलचा माझा राग कायम आहे. पिंप मोरीत रिकामे केले आणि आर.ओ. पुन्हा चालू केला, जो एक लिटर शुद्ध पाण्यापायी तीन लिटर नाल्यात सोडतो आणि त्याबद्दल त्याला कोणीच जाब विचारत नाही. आता आई विचारते आहे की चटणी कुटायचा बत्ता कुठे गेला.