शाळा वेगळ्याच ठेवायच्यात? खुशाल कोर्टात जा

समजा, तुम्ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एखाद्या गावात शाळामंडळावर निवडून आलात. गोऱ्यांची मुलं एका शाळेत, काळ्यांची दुसऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या सगळं सुरळीत. तेवढ्यात काही काळे पालक खटला भरतात. घाबरू नका. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते पालकांसाठी. मंडळाने जरूर चढावी. वकिलाची फी करदाते भरतात, त्यात ते पालकही आलेच.

१९५४ साली 'ब्राउन' खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे खरं. पण अंमलबजावणी कधी? पुढच्या वर्षी त्याच कोर्टाने योग्य त्या त्वरेने करा म्हटलं आणि तारीख काही घातली नाही. तुमचं सगळं भांडवल ते हेच.

आततायीपणा मात्र नको. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच टाळं ठोकलं. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली, काळी मुलं पाच वर्षं वाऱ्यावर. शेवटी सुप्रीम कोर्टाने टाळं काढायला लावलं, वर बोभाटा झाला तो वेगळाच.

गिरवायचा तर मिसिसिपीतल्या क्लीव्हलंडचा कित्ता गिरवा. गावाच्या मधोमध रेल्वेमार्ग. पूर्वेला काळ्यांचं ईस्ट साइड हायस्कूल, पश्चिमेला क्लीव्हलंड हायस्कूल. खटला १९६५ चा. मंडळाने पुढे काय केलं? ज्याला जिथे जायचंय त्याने तिथे नाव घालावं, अशी मोकळीक दिली! काळी मुलं रूळ ओलांडून पश्चिमेला गेली, पण गोऱ्या मुलांची पावलं काही पूर्वेकडे वळेनात. आता पालकांच्या मर्जीपुढे मंडळ बिचारं काय करणार? दोन्ही शाळा एक करा म्हटल्यावर मंडळाने कळवळून सांगितलं, की मग गोरे पालक पोरं काढून नेतील आणि उरलेली सरमिसळही जाईल. हे वाक्य पाठ करा. वेगळेपणा टिकवायचा तो एकोप्याच्या काळजीपोटी, याहून सुबक युक्तिवाद माझ्या तरी पाहण्यात नाही.

न्यायाधीश डेब्रा ब्राउन यांना तो पटला नाही. या दिरंगाईने विद्यार्थ्यांच्या पिढ्या हक्काला मुकल्या, असं त्यांनी २०१६ मध्ये सुनावलं आणि शाळा एक करायला लावल्या. म्हणजे तुम्ही हरलात? हिशोब करा. खटला भरला तेव्हा पहिलीत असलेल्या मुलाची नातवंडं शाळेत जायच्या वयाची झाली होती.

आणखी एक: मनातलं फेसबुकवर लिहू नका. अलाबामातल्या गार्डनडेलला काउंटीपासून फुटून स्वतःच्या शाळा हव्या होत्या. 'आमच्या शाळा आमच्या हातात' एवढंच म्हणून गप्प बसायचं, तर समर्थकांनी नको ते पोस्ट केलं आणि न्यायाधीशांनी ते निकालपत्रात उतरवून घेतलं. २०१८ मध्ये अपील कोर्टाने बेत साफ मोडला. डेट्रॉइटची उपनगरं बघा, हद्द आधीपासूनच वेगळी होती म्हणून शहराच्या शाळांशी सरमिसळ करण्यातून १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी सुटली.

तेव्हा घोंगडं भिजत ठेवा, बाकी काळ बघून घेतो. लुइझियानातल्या प्लॅकमिन्स पॅरिशवर (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) केंद्र सरकारने १९६६ मध्ये भरलेला खटला २०२५ पर्यंत उघडाच होता. तो बंद करायला प्रतिपक्षासोबत सही केली ती खुद्द केंद्राच्या न्याय खात्याने. फिर्यादीच तुमच्या बाकावर येऊन बसला, आणखी काय हवं?