पिशवी काढली की सुटलीस, असं कुणी म्हणालं तर

डिसेंबरातली सकाळ. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि छातीतून एकदम जाळ उठला. मान, कान, कपाळ, सगळं पेटल्यासारखं. ब्लाउजची पाठ भिजली आणि दोन-तीन मिनिटांत उलट थंडीच वाजायला लागली. गॅस बंद करून तशीच लादीवर बसले. वाटलं, हार्टचं काहीतरी आहे. वय ४५, पाळी चालू होती, त्यामुळे मेनोपॉज मनातही आला नाही.

पाळी थांबली की मग हा त्रास, असंच आपण धरून चालतो. खरं तर तो बरीच वर्षं आधी सुरू होऊ शकतो. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं बाईचं हार्मोन, सरळ उतरत नाही, वर-खाली होत राहतं. पाळी कधी २० दिवसांत येते, कधी दोन महिने येतच नाही. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र इतकं हळवं होतं की जराशा उष्णतेनंही त्याला वाटतं अंग तापलंय, आणि ते घाम सोडतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच ती गेली म्हणायचं. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. म्हणजे तयारी चाळिशीतच हवी.

आणि नेमक्या याच वर्षांत बाईला सांगितलं जातं, "मुलं झालीत ना? मग पिशवी कशाला ठेवायची?"

माझ्या जाऊबाईंना ४२ व्या वर्षी अंगावरून फार जायचं. डॉक्टरांनी हेच सांगितलं, घरच्यांनी मान डोलावली. ऑपरेशननंतर घामाने रात्रीतून तीनदा गाऊन बदलायची वेळ यायची. सगळे म्हणायचे, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा.

बीडच्या ऊसतोड बायकांचं तर ऐकून झोप उडते. एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी चाळिशीच्याही आतल्या.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, दुसरा उपाय चालत नसेल, तर काढावीच लागते. पण आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉईड बघा. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. तरीही ऑपरेशनच ठरलं, तर एवढं विचाराच: अंडाशय ठेवणार की काढणार? ते गेले की वर्षानुवर्षं हळूहळू होणारा बदल एका दिवसात अंगावर येतो. हाडांचं बळही लवकर ओसरतं. आणि हो, वर्षभर पाळी नसताना पुन्हा रक्त दिसलं, तर "परत आली वाटतं" म्हणून बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

गेल्या दिवाळीत जाऊबाई मोरीत घसरल्या, मनगट मोडलं. हाडांची तपासणी करायची म्हणून जुनी फाईल काढली. ऑपरेशनच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, दोन्ही अंडाशय काढले. मी वाचून दाखवलं. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला तर फक्त पिशवी सांगितली होती गं." ऑपरेशनला तेव्हा आठ वर्षं झाली होती.