‘डायरेक्टएक्स १२ टाका, जुनं कार्ड नवं करा’? एकेक दावा तपासू या

घरातल्या तीन ग्रुपवर एकाच आठवड्यात तोच मेसेज आला : ‘गेम अडकतो? एडिटिंग रेंगाळतं? नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका! डायरेक्टएक्स १२ डाउनलोड करा, दर आठवड्याला ड्रायव्हर बदला, त्यासाठी हे अपडेटर ॲप टाका, ओपनजीएल आणि व्हल्कनही बसवा. वेग दुप्पट!’ खाली लिंक. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून असलेला प्रोग्राम; डायरेक्टएक्स, ओपनजीएल, व्हल्कन म्हणजे गेमनं कार्डाशी बोलायच्या ठरलेल्या पद्धती.) माझ्या भाच्यानं हे सगळं मनोभावे केलं आणि रविवारी सकाळी लॅपटॉप काखेत मारून दारात हजर झाला. म्हणून हा खटाटोप.

‘डायरेक्टएक्स १२ डाउनलोड करा.’ कुठून करणार? जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हापासून ते विंडोजमध्येच असतं आणि सुधारणा विंडोज अपडेटमधूनच येतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर डायरेक्टएक्सचं एक पॅकेज मिळतं, पण ते जून २०१० चं. जुन्या गेमना लागणाऱ्या सुट्या डीएलएल फायली त्यात आहेत. एखादा जुना गेम ‘अमुक फाइल सापडत नाही’ म्हणून रुसला असेल तर ते जरूर टाका. त्यानं डायरेक्टएक्सची आवृत्ती मात्र बदलत नाही.

गोंधळाचं मूळ डीएक्सडायग (dxdiag) या विंडोजच्या तपासणी प्रोग्राममध्ये आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून हे नाव इंग्रजीत टाइप केलं की पहिल्याच पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ दिसतं आणि माणूस खूश होतो. पण ती विंडोजमधल्या डायरेक्टएक्सची आवृत्ती झाली. कार्डाची कुवत ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये, ‘फीचर लेव्हल्स’च्या ओळीत असते. तिथला सगळ्यात मोठा आकडा ११_० असेल, तर १२_१ मागणारा गेम त्या कार्डावर चालणार नाही. कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०१७ मध्ये आपल्या जुन्या फर्मी कार्डांना (जीटीएक्स ४०० आणि ५०० मालिका) ड्रायव्हरमधून डायरेक्टएक्स १२ दिलं, तरी फीचर लेव्हल ११_० च राहिली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

‘ड्रायव्हर जितका नवा, तितका वेग जास्त.’ यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. इंटेलची आर्क कार्डं २०२२ मध्ये आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे गेम ती १२ मध्ये भाषांतर करून चालवत होती आणि धापा टाकत होती. डिसेंबरच्या ड्रायव्हरनं यातल्या कित्येक गेममध्ये मोठा फरक पाडला. पण तिथं हार्डवेअर दमदार होतं, ड्रायव्हर कच्चा होता. दहा वर्षांच्या कार्डाची गोष्ट वेगळी.

आणि उलटही घडतं. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये सुरक्षेची एक त्रुटी सापडली, तेव्हा इंटेलनं नव्या ड्रायव्हरमधून डायरेक्टएक्स १२ चा आधारच काढून घेतला. म्हणजे अपडेट केलं आणि केवळ १२ वर चालणारे प्रोग्राम बंद पडले! मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे पंख्याचा वेग बिघडून कार्डं तापत होती.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही मला पटत नाही. ड्रायव्हरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी अपडेटमधूनच बुजवल्या जातात. दर आठवड्याची घाई नको, एवढंच.

‘ओपनजीएल, व्हल्कन बसवा.’ दोन्ही मुळात लिहून ठेवलेले नियम आहेत. ते पाळणारा कोड ड्रायव्हरसोबतच येतो. वेगळं काही शोधायला गेलात तर भलतंच काहीतरी घरी आणाल.

राहिलं ते अपडेटर ॲप. भाच्याच्या लॅपटॉपवर त्यानं भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर चढवला होता. स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली, ब्राइटनेसची बटणं मेलेली आणि कोपऱ्यात ‘आणखी ड्रायव्हर जुने आहेत, पैसे भरा’ अशी पाटी. आधी ते ॲप काढलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’चं, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परतण्याचं, बटण करडं पडलेलं, म्हणून लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर वाचला आणि बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन टाकला. अर्ध्या तासात अक्षरं ताळ्यावर आली, ब्राइटनेसही.

गेम पूर्वीइतकाच अडकतो. सेटिंग ‘लो’वर ठेवून दिलंय.